ठळक अक्षरांचे व्याकरण : छापील प्रोग्रामच्या मांडणीचा इतिहास

१/
१९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आठ तज्ज्ञ एकत्र जमले. त्यांपैकी चार युरोपीय होते आणि चार अमेरिकी. गणिती पद्धती लिहिण्यासाठी एक सामाईक भाषा त्यांना ठरवायची होती. ती कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली असू नये, अशी अट होती. पुढे ‘अल्गोल’ या नावाने ओळखली गेलेली भाषा ती हीच. भाषेच्या तर्कावर बरेचसे एकमत झाले. वाद पेटला तो एका टिंबावरून.

२/
अमेरिकी लोक दशांशचिन्ह म्हणून टिंब देत, तर युरोपातील अनेक देशांत स्वल्पविराम दिला जाई. एका युरोपीय सदस्याने टेबलावर मूठ आपटून ‘दशांशासाठी टिंब मी कधीही वापरणार नाही’ अशा अर्थाचे बजावल्याची हकीकत अल्गोलच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. जोसेफ वेगस्टीन यांनी दोन्ही गटांशी बोलून तोडगा काढला : भाषा एकच राहील, तिची रूपे मात्र तीन असतील.

३/
पहिले रूप संदर्भ-भाषेचे. व्याख्या तिच्यातच लिहायच्या. दुसरे यंत्र-रूप, ज्या यंत्राकडे जी अक्षरे असतील, त्यांत प्रोग्राम बसवायचा. तिसरे प्रकाशन-भाषेचे, पुस्तकात किंवा नियतकालिकात प्रोग्राम छापताना तो माणसाला कसा दिसावा, हे त्या त्या देशाच्या आणि छापखान्याच्या रीतीवर सोडायचे. आज प्रबंधात प्रोग्राम छापताना कोणता शब्द ठळक, कोणता तिरपा, कोणता निळा हे जो ठरवतो, तो याच तिसऱ्या रूपात काम करत असतो.

४/
या कामाला आज ‘सिंटॅक्स हायलायटिंग’ म्हणतात. प्रोग्राममधील राखीव शब्द, टिपा, अवतरणांतील मजकूर आणि आकडे हे घटक ओळखून प्रत्येकाला वेगळे रूप द्यायचे, असा त्याचा अर्थ. सामान्यतः याकडे सजावट म्हणून पाहिले जाते. मूळ इतिहास मात्र वेगळे सांगतो. आरंभी ठळक ठसा हा प्रोग्रामच्या व्याकरणाचाच भाग होता. त्याची सजावट नंतर झाली, आणि तसे होण्यामागे कारणे होती.

५/
जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे तेरा जणांची समिती बसली. तिचा अहवाल डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी संपादित केला आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात ‘बिगिन’, ‘एंड’, ‘इफ’, ‘देन’ हे शब्द ठळक छापलेले होते. टंकलिखित प्रतींत ठळक ठसा नसल्याने त्याच शब्दांखाली रेघ ओढली जाई. अहवालाने स्पष्ट केले होते की, ही चिन्हे ज्या अक्षरांची बनलेली दिसतात त्या अक्षरांशी त्यांचा काही संबंध नाही. ठळक ‘बिगिन’ हे बेरजेच्या खुणेसारखे एकसंध चिन्ह होते.

६/
याचा परिणाम विलक्षण होता. एखाद्याने आपल्या चलाचे नाव साध्या अक्षरांत ‘बिगिन’ असे ठेवले, तरी संदर्भ-भाषेत गोंधळ होत नसे. ठळक ते चिन्ह, साधे ते नाव. शिवाय शब्दांमधील मोकळी जागा आणि नवी ओळ यांना संदर्भ-भाषेत अर्थच नव्हता. एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे सांगण्यात ठशाचा वाटा मोठा होता. म्हणून ठळकपणा काढून घेतला, तर वाक्य केवळ कुरूप होत नसे, संदिग्ध होत असे.

७/
अडचण यंत्रापाशी आली. त्या काळी प्रोग्राम बहुधा ८० स्तंभांच्या पंच कार्डांवर छिद्रे पाडून यंत्राला दिले जात. तेथे मोठ्या लिपीतील रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढाच संसार होता. छोटी लिपी नव्हती, मग ठळक ठसा कोठून येणार? त्यावर युक्ती निघाली. अहवालात ठळक असलेला शब्द कार्डावर अपॉस्ट्रॉफीच्या दोन खुणांमध्ये लिहायचा. या रीतीला ‘स्ट्रॉपिंग’ असे नाव पडले. ‘अपॉस्ट्रॉफी’ शब्दाचाच तो अपभ्रंश.

८/
युरोपात काही ठिकाणी वेगळी सोय होती. ‘फ्लेक्सोरायटर’ हे कागदी फितीवर छिद्रे पाडणारे टंकलेखन यंत्र अधोरेखन करू शके. त्यामुळे राखीव शब्दाखाली प्रत्यक्ष रेघ ओढूनच प्रोग्राम यंत्राला देता येई. म्हणजे तीच ओळ पुस्तकात ठळक, युरोपीय फितीवर अधोरेखित आणि पंच कार्डावर अपॉस्ट्रॉफींच्या कोंदणात. रूपे तीन, आशय एक. झुरिकचा तोडगा व्यवहारात उतरला तो असा.

९/
प्रकाशन-भाषेचे सर्वांत मोठे व्यासपीठ ठरले ते अमेरिकेतील संगणक-संघटना ‘एसीएम’ हिचे मासिक. १९६० पासून त्यात ‘अल्गोरिदम्स’ हा विभाग सुरू झाला. क्रमांक घालून प्रोग्राम छापले जात, आणि वाचक ते आपल्या यंत्रावर चालवून पडताळणीचे वृत्त पाठवत. टोनी होर यांचे ‘क्विकसॉर्ट’ १९६१ च्या जुलै महिन्यात याच विभागात ६४ क्रमांकाने अवतरले. आज जगभर शिकवला जाणारा हा प्रोग्राम प्रथम ठळक ‘बिगिन’ आणि ठळक ‘एंड’ यांच्या वेशात छापला गेला.

१०/
मात्र यात एक कच्चा दुवा होता. लेखकाने चालवून पाहिलेला प्रोग्राम आणि छापलेला प्रोग्राम या दोन वेगळ्या वस्तू होत्या. मध्ये हस्तलिखित होते, अक्षरजुळणी करणारा कामगार होता, मुद्रिते तपासणारा होता. लेखात एखादे अक्षर चुकले तर वाचक ते सांभाळून घेतो. प्रोग्राममध्ये एक अर्धविराम हरवला तर सारे काम थांबते. त्या विभागात छापून आलेल्या दुरुस्त्या आणि शेरे पाहिले, की पडताळणीची गरज का पडली ते उमगते.

११/
यावर स्वाभाविक उपाय एकच होता : मांडणीही यंत्राकडूनच करून घ्यावी. १९६५ मध्ये विल्यम मॅककीमन यांनी त्याच विभागात २६८ क्रमांकाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. अल्गोलमधील दुसरे प्रोग्राम वाचून त्यांना नीटनेटक्या ओळींत, योग्य समास सोडून बसवणे हे त्याचे काम. प्रोग्रामची मांडणी करणारा प्रोग्राम ही कल्पना तेव्हापासून रुळत गेली आणि पुढे ‘प्रिटीप्रिंटिंग’ या नावाने अभ्यासविषय बनली.

१२/
दरम्यान भाषाच बदलत होत्या. निक्लाउस वीर्थ यांच्या १९७० च्या ‘पास्कल’ने ‘बिगिन’सारखे शब्द राखून ठेवले, कोणालाही ते चलाचे नाव म्हणून वापरता येईनात. शब्द राखीव झाला की त्याला ठशाची गरज उरत नाही. त्याची ओळख त्याच्या अक्षरांतच असते. पास्कलच्या पुस्तकांनी ठळक ठसा चालू ठेवला, पण आता तो वाचकाच्या सोयीसाठी होता. ठळकपणाने व्याकरणाचा हुद्दा सोडला, तो येथे.

१३/
१९७८ मध्ये दुसरी परंपरा उभी राहिली. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषेवरील आपले पुस्तक युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या फोटो-टाइपसेटरवर स्वतःच जुळवले. त्यांनी मजकुरासाठी टाइम्स रोमन आणि प्रोग्रामसाठी टंकलेखन यंत्राच्या वळणाचा कूरियर ठसा घेतला. राखीव शब्द ठळक नाहीत, टिपा तिरप्या नाहीत. यंत्राच्या पडद्यावर जे दिसते तेच कागदावर, अशी ती भूमिका. अल्गोलची परंपरा प्रोग्रामला गणिताच्या पंक्तीत बसवत होती. सी-ची परंपरा त्याला टंकलेखनाच्या घरीच राहू देत होती.

१४/
पहिल्या परंपरेला नवे बळ दिले ते डोनाल्ड नूथ यांनी. १९७७ मध्ये आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जागा छायाचित्रण-तंत्राने घेतली होती आणि पाने त्यांना पाहवली नाहीत. गणिताची पाने देखणी जुळवणारी ‘टेक’ ही प्रणाली त्यांनी स्वतःच रचायला घेतली. ती उभी करताना पुढचा प्रश्न आला : खुद्द टेकचा प्रोग्राम माणसाने वाचावा कसा?

१५/
त्यातून ‘वेब’ ही पद्धत जन्मली. १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात नूथ यांनी तिला ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ म्हटले. लेखक स्पष्टीकरण आणि प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहितो. त्यातून ‘टँगल’ यंत्रासाठी पास्कल काढते आणि ‘वीव्ह’ माणसासाठी छपाईची प्रत काढते. वीव्ह राखीव शब्द ठळक करते, चलांची नावे तिरपी करते. चालणारा प्रोग्राम आणि छापील प्रोग्राम एकाच मुळातून निघू लागले. जुळारी आणि मुद्रिते यांच्यामधली गळती बुजली.

१६/
याच पद्धतीत आजच्या वापरकर्त्याला ओळखीची वाटेल अशी एक सोय होती. पास्कलमध्ये ‘लूप’ असा राखीव शब्द नाही. नूथ यांनी तो स्वतःपुरता घडवला. त्याचा अर्थ, अखंड चालणारे आवर्तन. मग त्यांनी एका आज्ञेने वीव्हला सांगितले की, या शब्दाला राखीव शब्दासारखे वागव. १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या टेकच्या प्रोग्राममध्ये तो ठळक दिसतो. ठळक काय असावे हे १९६० मध्ये समितीने ठरवले होते; आता ते लेखक ठरवत होता.

१७/
बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘व्हीग्राइंड’ नावाचे साधन होते. ते राखीव शब्द ठळक, टिपा तिरप्या आणि चालू कार्याचे नाव समासात छापी. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे भाषांची वर्णने एका वेगळ्या फाइलमध्ये होती. नवी भाषा आली तर साधन पुन्हा लिहायचे नाही. त्या फाइलमध्ये तिचे राखीव शब्द आणि टिपांच्या खुणा नोंदवायच्या. भाषेचे वर्णन वेगळे आणि रूपाचे नियम वेगळे, ही फोड पुढच्या सर्व साधनांचा पाया ठरली.

१८/
रंग आला तो पडद्याच्या वाटेने. आयबीएमचे माइक कोलिशॉ यांनी १९८५ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी ‘लेक्स’ हा संपादक रचला. कोशातील नोंदीत शब्द, व्युत्पत्ती, अवतरणे असे घटक एकमेकांत गुंतलेले असतात. ते वेगवेगळ्या रंगांत आणि ठशांत दाखवणे ही त्याची खुबी होती, आणि प्रोग्रामच्या मजकुरालाही ती लागू होती. रंगीत पडदे सामान्यांच्या मेजावर पोहोचल्यावर रंगांकन ही संपादकांची नित्याची सोय बनली. कागद मात्र बराच काळ काळाच राहिला, कारण रंगीत छपाई महाग होती.

१९/
टेकवर आधारलेल्या ‘लाटेक’मध्ये ही सारी परंपरा एकवटली ती कार्स्टन हाइन्त्स यांच्या ‘लिस्टिंग्ज’ या संचात. त्याचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. तो प्रोग्रामची फाइल थेट वाचतो, एकेक अक्षर गोळा करून शब्द बनवतो, शब्द यादीत आहे का ते पाहतो आणि त्याप्रमाणे रूप देतो. काहीही न सांगितल्यास राखीव शब्द ठळक आणि टिपा तिरप्या. म्हणजे अल्गोलचाच वारसा. त्यापुढे लेखक यादीत शब्द वाढवू शकतो, प्रत्येक घटकाला ठसा आणि रंग देऊ शकतो, अख्खी नवी भाषा वर्णू शकतो.

२०/
या संचाच्या बारीकसारीक पर्यायांत जुने प्रश्न पुन्हा भेटतात. अवतरणातील मजकुरात मोकळी जागा असेल, तर तो मुळात तिच्या जागी एक छोटी खूण छापतो. कारण तेथील रिकामी जागाही अर्थपूर्ण असते आणि एक की दोन, हे डोळ्यांना कळत नाही. अनेकांना ती खूण खटकते आणि ते ती बंद करतात. बंद करण्यास हरकत नाही, पण ती तेथे का होती हे आधी ठाऊक असावे.

२१/
दुसरा पर्याय याहून धोक्याचा. यंत्रावर ‘लहान किंवा समान’ हे दोन खुणा जोडून लिहितात. हा संच त्या जागी गणितातले एकच देखणे चिन्ह छापू शकतो. झुरिकला अभिप्रेत असलेली प्रकाशन-भाषा ती हीच. १९६१ चा वाचक छापील प्रोग्राम पुन्हा हाताने कार्डांवर उतरवत असे, तेव्हा ते खपून जाई. आजचा वाचक पीडीएफमधून ओळ उचलून यंत्रात चिकटवतो, आणि ते देखणे चिन्ह यंत्राला कळत नाही. सरळ अपॉस्ट्रॉफी छपाईत वाकडी झाली तरी हेच घडते. म्हणून ती सरळ ठेवण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागला.

२२/
यादीतील शब्द ओळखणे म्हणजे व्याकरण समजणे नव्हे, ही लिस्टिंग्जची मर्यादा. २००६ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांचे ‘पिगमेंट्स’ आले. पायथॉन भाषेत लिहिलेल्या या साधनाने असंख्य भाषांचे नियम आणि तयार रंगसंच पुरवले. कोनराड रुडॉल्फ यांच्या ‘मिंटेड’ या संचाने ते लाटेकला जोडले. ओळख अधिक सूक्ष्म झाली. मोबदल्यात लाटेकला बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची खास परवानगी द्यावी लागली. अनोळखी दस्तऐवजाला अशी परवानगी देणे जोखमीचे असते, म्हणून अनेकांनी जुनाच संच जवळ ठेवला.

२३/
रंगांची निवड हीही निव्वळ आवडीची बाब नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा भेद नीट दिसत नाही. इतर समाजांतही हे प्रमाण नगण्य नाही. शिवाय प्रबंधाच्या प्रती झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्याच निघतात. तेथे निळा राखीव शब्द आणि हिरवी टीप एकाच करड्या छटेत विरून जातात. म्हणून जाणकार रंगाच्या जोडीला ठसाही बदलतात : शब्द निळा आणि ठळक, टीप हिरवी आणि तिरपी. रंग गेला तरी भेद उरतो. १९६० चा ठळक ठसा येथे पुन्हा कामास येतो.

२४/
या इतिहासाचा एक धागा मराठीपर्यंत येतो. देवनागरीला टेकमध्ये आणणारा फ्रान्स वेल्टहाउस यांचा संच १९९१ चा. त्यात मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोड देवनागरी थेट लिहिण्याची वाट मोकळी केली. लिस्टिंग्जची घडण मात्र एका बाइटचे एक अक्षर मानणाऱ्या काळातली. ‘क्र’ हे एक जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन संकेतांचे आणि नऊ बाइटांचे असते. प्रत्येक अक्षराला समान रुंदीचा चौकोन देणाऱ्या मांडणीत त्याला नैसर्गिक जागाच नसते.

२५/
म्हणून प्रोग्राममध्ये मराठीत टीप लिहिली, तर जोडाक्षरे फुटू शकतात आणि अक्षरांचा क्रमही बिघडू शकतो. अशा वेळी टिपेचा मजकूर चौकोनांच्या मांडणीतून सोडवून टेकच्या नेहमीच्या अक्षरजुळणीकडे सोपवण्याची सोय त्याच संचात आहे. प्रोग्रामच्या ओळी यंत्राच्या शिस्तीत, टीप माणसाच्या लिपीत. झुरिकमध्ये वाद टिंब की स्वल्पविराम एवढाच होता; त्या तोडग्यात देवनागरी कोणाच्या ध्यानीमनी नसणार. तरीही प्रकाशनाचे रूप स्थानिक रीतीवर सोडण्याचे जे तत्त्व तेथे ठरले, त्यात मराठी टिपेलाही जागा आहे.

२६/
पासष्टहून अधिक वर्षांत निर्णय समितीकडून छापखान्याकडे, छापखान्याकडून प्रोग्रामकडे आणि तेथून प्रत्येक विद्यार्थ्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर आला. तेथे लिहिलेल्या पाच-सहा ओळी ठरवतात की वाचकाची नजर कोठे थांबेल, कोणते चिन्ह जसेच्या तसे राहील आणि कोणते बदलून छापले जाईल. ठळक शब्दाने आपण राखीव आहोत असे सांगावे आणि तो खरोखर राखीव असावा. छापलेली ओळ उचलून चालवली, तर ती चालावी. अल्गोलच्या अहवालाने ठळक ठशाकडून मागितले होते ते इतकेच, आणि ते मागणे अजून जुने झालेले नाही.